कड्याच्या आतला ठिपका

एमआरआयच्या फॉर्मवर तपासणीचं कारण एका ओळीत लिहिलं होतं: मेंदूत क्षयाची गाठ, एकेटी (क्षयावरची औषधं) सुरू करून चार आठवडे, परत फिट आली. फॉर्मच्या मागोमाग मुलगी आत आली. वय १९, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवर राहणारी. सोबत आई, आणि फिल्मांची पिशवी मांडीवर आडवी धरून बसलेला मामा. मुलीच्या डोळ्यांत पिवळसर झाक होती. पाणी पुढे केलं तर तिनं मान हलवली, पोटात काही ठरत नाही म्हणाली. महिन्याभरात वजन ५६ वरून ५२ किलोवर आलं होतं.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी रेडिऑलॉजिस्ट आहे. ही केस सविस्तर लिहावीशी वाटली, कारण हिच्यात जे निसटलं ते फार दुर्मिळ किंवा फार अवघड नव्हतं. ते पहिल्या दिवशीच्या सीटी स्कॅनमध्येच होतं. मुलीच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे.

पहिली फिट सकाळी वेणी घालताना आली. उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला, फणी खाली पडली. अंगठ्यावरून मनगट, मनगटावरून कोपर असं ते वर चढत गेलं, तोंडाची उजवी बाजू ओढली गेली आणि त्यापुढचं तिला आठवत नाही. पुढचं मैत्रिणींनी सांगितलं. दोन-तीन मिनिटं सगळं अंग झटके देत होतं, जीभ चावली गेली, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल आणली. शुद्ध आल्यावरही अर्धा तास उजवा हात उचलत नव्हता.

असं वर्णन कुणी नीट सांगितलं तर अर्धं निदान तिथंच होतं. फिट अंगठ्यापासून सुरू झाली, म्हणजे दुखणं मेंदूच्या डाव्या बाजूला, हात हलवणाऱ्या घडीच्या आसपास आहे. आडव्या कापात ही घडी घोड्याच्या नालीसारखी दिसते आणि बहुतेक माणसांत सहज सापडते. फिट येऊन गेल्यावर घरच्यांना 'कशी आली' एवढंच विचारू नये, 'कुठून सुरू झाली' हेही विचारावं.

त्याच दिवशी तिचं सीटी स्कॅन झालं, आधी साधं आणि मग कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, स्कॅनमध्ये उजळणारं औषध) देऊन. रिपोर्टचा सारांश असा होता: डाव्या फ्रंटल (पुढच्या) भागात ९ मिमीची, कड्यासारखी उजळणारी एक गाठ, भोवती सूज. क्षयाची गाठ असण्याची शक्यता अधिक. आणि पुढचं वाक्य मी तीनदा वाचलं: रुग्ण शाकाहारी असल्याने सिस्टिसर्कोसिसची शक्यता कमी. सिस्टिसर्कोसिस म्हणजे एका जंताच्या अळ्या शरीरात, इथं मेंदूत, जाऊन बसणं.

मॅन्टू चाचणी (क्षयासाठी त्वचेत सुई टोचून करतात ती) १४ मिमी, म्हणजे पॉझिटिव्ह, आली. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. खोकला, ताप, घरात कुणाला क्षय, यातलं काही नव्हतं. तरी चार औषधांची एकेटी सुरू झाली, कारण मेंदूच्या क्षयाची वाट बघत बसणं कुणालाच परवडत नाही. हा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. आपल्या मुलखात क्षय आहे, तो मेंदूत शिरला तर माणूस हातचा जातो, आणि समोर 'क्षयाची शक्यता अधिक' असं लिहिलेला कागद होता. पण मॅन्टू पॉझिटिव्ह येणं म्हणजे आयुष्यात कधीतरी क्षयाच्या जंतूशी गाठ पडली एवढंच. भारतात असे लोक कोट्यवधी आहेत. मेंदूतली ती विशिष्ट गाठ क्षयाची आहे, हे त्यातून ठरत नाही.

एकेटीनं तिला उलट्या सुरू झाल्या. उलटीबरोबर फिटची गोळीही पडायची. तिसऱ्या आठवड्यात एसजीपीटी (लिव्हर दुखावलं की रक्तात वाढणारं एन्झाइम) २८० वर गेलं, चौथ्यात दुसरी फिट आली.

माळ घातलेलं घर

मुलीचा इतिहास घेत होते तेव्हा आईनं स्वतःहून सांगितलं, "आमच्या घरात माळ हाय मॅडम. सासऱ्यांपासनं पंढरीची वारी चुकल्याली न्हाई. अंडंसुद्धा घरात येत न्हाई." ती हे आजार सांगायला बोलत नव्हती. आधीच्या दवाखान्यात कुणीतरी डुकराच्या मांसाचं विचारलं होतं आणि तो प्रश्न तिला लागला होता.

शाकाहाराचा हा मुद्दा इतका पक्का बसला आहे की डॉक्टरांच्या रिपोर्टातही उतरतो. म्हणून तो जरा सावकाश सोडवते. या जंताला टिनिया सोलियम म्हणतात, मराठीत पट्टकृमी, फितीसारखा चपटा. त्याला जगायला दोन घरं लागतात. माणसाच्या आतड्यात मोठा फितीसारखा जंत राहतो आणि डुकराच्या स्नायूंत त्याच्या अळ्या पाण्याच्या बारीक फोडांसारख्या राहतात. कच्चं राहिलेलं, अळ्या असलेलं डुकराचं मांस खाल्लं तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. जर्मनीत कुखेनमायस्टर नावाच्या डॉक्टरनं १८५५ साली फाशीच्या कैद्याला अशा अळ्या खायला घालून हे दाखवून दिलं होतं. आज तो प्रयोग वाचवत नाही, पण हे नातं सिद्ध झालं ते त्यातून.

मेंदूत जातात त्या अळ्या मात्र मांसातून येत नाहीत. आतड्यात पट्टकृमी असलेल्या माणसाच्या शौचातून हजारो अंडी बाहेर पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. न धुतलेल्या हातांतून, सांडपाण्यावर वाढवलेल्या कोथिंबिरीतून, नीट न धुतलेल्या काकडीतून ती दुसऱ्याच्या पोटात जातात. तिथं अंड्यातून अळी बाहेर पडते, आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरते आणि रक्ताबरोबर स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत जाऊन बसते. म्हणजे मांस खाणाऱ्याला पट्टकृमी होतो, आणि मेंदूतली अळी त्याच्या आसपासच्या कुणालाही होऊ शकते, शाकाहारी असो वा मांसाहारी. न्यूयॉर्कमध्ये डुकराचं मांस निषिद्ध मानणाऱ्या सनातनी ज्यू कुटुंबांत हा आजार सापडला आणि १९९२ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या घरांत स्वयंपाकपाण्याला असलेल्या बायकांपर्यंत त्याचा माग पोहोचला होता. माळकरी घराला याहून वेगळा नियम लागू होत नाही.

मी आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजी आमी काय पाप केलं न्हाई." मी म्हटलं, "ताई, तुमचं काहीच चुकलेलं नाही. हे कुणा दुसऱ्याच्या पोटातून, हातातून आलेलं आहे आणि त्या माणसालाही ते माहीत नसणार."

जाड काप, बारीक ठिपका

टेक्निशियननं नेहमीचा प्रोटोकॉल लावायला घेतला होता, ५ मिमीचे काप. मी त्याला थांबवलं आणि आधी जुनी सीटीची फिल्म व्ह्यू बॉक्सवर लावली. कडं दिसत होतं, नेमकं हाताच्या घडीजवळ, कवटीपासून फार आत नाही. भोवतालची सूज बोटं पसरावीत तशी पांढऱ्या भागात गेलेली. फिल्मवर छापलेले काप ५ मिमीचे होते, म्हणजे ९ मिमीची गाठ दोन कापांत संपली होती.

शोधायचा असतो तो ठिपका. अळीच्या फोडाच्या आत तिचं डोकं असतं, त्याला स्कोलेक्स म्हणतात, जेमतेम एक-दोन मिमीचं. ५ मिमी जाडीच्या कापात त्या जाडीत जे काही असेल त्याची सरासरी निघते आणि एकच करडी छटा उमटते. मोहरीचा एक दाणा पाट्यावर वाटून वाटीभर ताकात मिसळला तर तो ताकात असतोच, पण दाखवता येत नाही. तसं ते डोकं त्या कापांत विरून गेलं होतं. मी मामाला विचारलं, "सीटीची सीडी आहे का?" पिशवीत नव्हती. "काढून आणतो" म्हणून तो मोटारसायकलवर निघाला, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर.

तोवर आम्ही एमआरआय केलं. गाठीच्या जागी बारीक, एक मिमीच्या आसपासचे काप, पाण्याला उजळ दाखवणारी त्रिमितीय मालिका, फ्लेअर (नितळ पाणी काळं दाखवणारी), डिफ्यूजन (पाण्याच्या कणांची हालचाल टिपणारी), कॅल्शियम आणि रक्त काळं दाखवणारी एसडब्ल्यूआय, आणि शेवटी गॅडोलिनियम (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट) देऊन पुन्हा बारीक काप. मुलीला आत ३५ मिनिटं झोपावं लागलं. उलटी येईल म्हणून ती घाबरली होती, आई पूर्ण वेळ तिच्या पायाला हात लावून बसली.

त्रिमितीय मालिकेच्या सत्तेचाळिसाव्या कापात ठिपका दिसला. फोडाच्या आतल्या भिंतीला चिकटून, मधोमध नाही, किंचित मागच्या बाजूला. पाणी उजळ आणि त्यात एक गडद कण. पुढच्या कापात तो आणखी स्पष्ट झाला, त्यापुढच्या कापात संपला. फ्लेअरवर तोच कण पांढरा. मी तिन्ही दिशांनी काप फिरवून पाहिले, कारण एका दिशेला घडी पडलेली भिंतही ठिपक्यासारखी दिसू शकते. तिन्हींत तो एकाच जागी होता.

बाकीच्या खुणाही त्याच दिशेच्या होत्या. अळी जिवंत आणि तंदुरुस्त असते तेव्हा फोडातलं पाणी मेंदूभोवतीच्या पाण्यासारखंच नितळ असतं आणि फ्लेअरवर दोन्ही काळी दिसतात. इथं आतलं पाणी फ्लेअरवर करडं झालं होतं, म्हणजे प्रथिनांनी गढूळ. भिंत जाड होऊन कॉन्ट्रास्टनं उजळत होती, भोवती सूज होती. आजाराच्या चार अवस्था मानतात. पहिली नितळ फोडाची, दुसरी गढूळ फोडाची, तिसरी आक्रसलेल्या गाठीची आणि चौथी चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, खड्याची. ही दुसरी होती. डिफ्यूजनवर आतलं पाणी उजळलं नाही, फक्त तो कण उजळला. पू भरलेलं गळू असतं तर उलट झालं असतं, सगळा मधला भाग लखलखला असता.

क्षयाच्या गाठीशी ताडून पाहणं गरजेचंच होतं. चीजसारखा घट्ट पदार्थ भरलेली क्षयाची गाठ टी-टूवर (पाणी उजळ दाखवणाऱ्या मालिकेत) मध्ये गडद दिसते, कडा ओबडधोबड असतात, दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटलेल्या असतात, बहुतेक वेळा आकार मोठा असतो आणि कधी कधी मेंदूच्या तळाशी आवरणं उजळलेली असतात. इथं यातलं काही नव्हतं. स्पेक्ट्रोस्कोपी (गाठीतली रसायनं आलेखात दाखवणारी तपासणी) करून चरबीची शिखरं शोधावीत, असं मला कुणी नंतर सुचवलं. पण ९ मिमीची, कवटीच्या हाडाला लागून असलेली गाठ घेऊन त्या तपासणीत आलेखापेक्षा खरखरच जास्त मिळते. ठिपका डोळ्यांसमोर असताना तिचा वेळ आणि पैसे त्यात घालवावेत असं मला वाटलं नाही.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी सापडली, ती कुणी शोधतच नव्हतं. एसडब्ल्यूआयवर उजव्या परायटल (वरच्या-मागच्या) भागात, मेंदूच्या पृष्ठभागाजवळ ३ मिमीचा एक काळा ठिपका. या मालिकेत जुनं रक्तही काळं आणि चुनाही काळा. दोन्ही वेगळे ओळखायला मदत करणारी फेज प्रतिमा चुन्याकडे झुकत होती, पण खात्री सीटीनंच होते.

संध्याकाळी साडेसातला मामा सीडी घेऊन आला. अंगावर धूळ, पण सीडी रुमालात गुंडाळलेली. सीडीवर १.२५ मिमीच्या कापांची मालिका होती, जी फिल्मवर छापलीच गेली नव्हती. साध्या स्कॅनमध्ये उजव्या बाजूला तो ३ मिमीचा ठिपका पांढराशुभ्र, शंभर हाऊन्सफील्ड युनिटांच्या (सीटीतलं घनतेचं माप) कितीतरी वर. चुनाच. कवटीच्या इतका जवळ होता की जाड कापात तो हाडाचाच भाग वाटला असणार. आणि कॉन्ट्रास्टच्या बारीक कापांत डाव्या कड्याच्या आत, अस्पष्ट पण खऱ्या जागी, अळीचं डोकं. चार आठवड्यांपूर्वी, एकेटीची पहिली गोळी पोटात जाण्याआधी.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही असे रिपोर्ट सह्या करून दिले आहेत. 'कड्यासारखी गाठ, क्षय अथवा सिस्टिसर्कोसिस' असं लिहून पुढच्या पेशंटकडे वळले आहे. तेव्हा बारीक काप उघडून पाहिले नाहीत, ही खंत मला आहे.

हीच चूक देशानं केली होती

डोक्याचं पहिलं सीटी स्कॅन लंडनमध्ये १९७१ साली झालं. भारतात ही यंत्रं आल्यावर फिट आलेल्या तरुण मुलांत एक वेगळंच चित्र वारंवार दिसू लागलं, एकच छोटी, कॉन्ट्रास्टनं उजळणारी गाठ. बहुतेकांना क्षय समजून एकेटी दिली जायची. काही महिन्यांनी स्कॅन केलं की गाठ गायब. एकेटीला यश आलं असं सगळे मानत. पण काहींनी औषधं सोडली होती आणि त्यांचीही गाठ गायब झाली होती.

उत्तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून आलं. मॅथ्यू चांडी आणि वेदांतम राजशेखर या न्यूरोसर्जननी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि बहुतेक गाठींत मरणाऱ्या अळ्या होत्या. हे १९८९ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. गाठ २० मिमीपेक्षा लहान, डोक्यात दाब वाढल्याच्या खुणा नाहीत, वाढत जाणारं लुळेपण नाही, शरीरात दुसरा आजार नाही, सुजेमुळे मेंदूची मधली रेघ सरकलेली नाही, तर ती सिस्टिसर्कसची, म्हणजे या अळीची, समजावी, असे निकष पुढे त्यांनीच घालून दिले. आमच्या मुलीला ते सगळे लागू होते. हे काम आपल्याच देशात, आपल्याच पेशंटांवर झालं, आणि तीस-पस्तीस वर्षांनंतरही जिल्ह्याच्या गावातल्या रिपोर्टात त्याची खूण दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

गाठ आपोआप का जाते, हे समजलं की फिट आताच का आली तेही कळतं. जिवंत अळी शरीराच्या संरक्षक पेशींना चकवत राहते. सूज नाही, फिट नाही, कॉन्ट्रास्ट दिला तरी कडं नाही, माणसाला पत्ताही लागत नाही. ती म्हातारी होऊन मरायला लागते तेव्हा तिचं ते पांघरूण उतरतं, शरीर तिला ओळखतं, सूज येते, आणि त्या सुजेनं फिट येते. भारतात नोकरी करून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांचा मोठा अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध झाला, ४५० जणांचा. त्यात संसर्ग आणि पहिली फिट यांत बहुतेकांना काही वर्षं, एखाद्याला तर ३० वर्षं लागलेली दिसतात. म्हणून 'गेल्या महिन्यात बाहेर काय खाल्लं' हा प्रश्न या आजारात निरुपयोगी. आमच्या मुलीच्या उजव्या बाजूचा चुन्याचा खडा तर सांगत होता की एक अळी केव्हाच येऊन, मरून, वाळून गेली आहे, कदाचित शाळेच्या वयात.

फोन, आणि घाई न करणं

रिपोर्ट टाइप करण्याआधी मी तिच्या फिजिशियनना फोन केला. सीडीतले आणि एमआरआयचे काप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. त्यांनी ते पाहिले आणि एवढंच म्हणाले, "डोकं दिसतंय." २००१ साली देल ब्रुट्टो आणि सहकाऱ्यांनी निदानाचे निकष मांडले, २०१७ साली सुधारले. दोन्हींत स्कॅनमध्ये फोडाच्या आत स्कोलेक्स दिसणं हा पुरावा निर्णायक मानला आहे, त्यानंतर दुसऱ्या आधाराची गरज राहत नाही. रिपोर्टमध्ये मी 'शक्यता' हा शब्द वापरला नाही. डाव्या बाजूला गढूळ अवस्थेतला एक सिस्टिसर्कस, उजव्या बाजूला एक जुना चुना धरलेला, एवढं लिहिलं. शेवटी 'आहाराचा प्रकार निदानाच्या विरोधात धरू नये' ही ओळ टाकली.

रक्तातली अँटीबॉडीची चाचणी निगेटिव्ह आली आणि मामाचा धीर सुटला. पहिल्यांदा क्षय म्हणाले, आता अळी म्हणताय, आणि रक्तात काहीच नाही? त्याची शंका रास्त होती. सगळ्यांत भरवशाची मानली जाणारी ईआयटीबी चाचणीही, मेंदूत दोन किंवा जास्त जिवंत फोड असतील तर ९८ टक्क्यांच्या आसपास पकडते, पण एकच गाठ असेल, त्यातही मरणारी, तर निम्म्याच्या आसपासच. म्हणजे निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही, असं म्हणता येत नाही. मी त्याला माझ्या खुर्चीवर बसवलं, माउस हातात दिला आणि काप एकेक करून पुढे सरकवायला सांगितले. चौतीस, पस्तीस, चाळीस. सत्तेचाळिसाव्याला तो थांबला. मी बोट दाखवलं नव्हतं.

एकेटी थांबवली. पण अळीवरचं औषध लगेच सुरू केलं नाही, आणि इथं फिजिशियनचा निर्णय मला फार पटला. अल्बेंडाझोलसुद्धा लिव्हरला त्रास देऊ शकतं आणि तिचं लिव्हर आधीच दुखावलेलं होतं. शिवाय या आजारात अळी मारणं ही कधीच तातडीची गोष्ट नसते. आधी फिट आवरायची, सूज उतरवायची. लेव्हेटिरासिटाम ही फिटची गोळी चालू ठेवली, उलटीचं औषध जोडलं, आणि एसजीपीटी नॉर्मल यायला अडीच आठवडे वाट पाहिली. त्या दिवसांत नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांचा पडदा तपासून घेतला. डोळ्यात अळी असेल आणि औषधानं ती तिथं मेली तर सुजेनं नजर जाऊ शकते. पडदे स्वच्छ होते.

मग आधी स्टेरॉइड, त्यानंतर अल्बेंडाझोल, किलोमागे दिवसाला १५ मिलिग्रॅम. ५२ किलोला हिशेब ७८० चा, म्हणून ४०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, १४ दिवस. दोन अमेरिकी वैद्यकीय संस्थांनी मिळून काढलेल्या आणि २०१८ साली छापलेल्या मार्गदर्शक सूचनांत एक-दोन जिवंत फोडांसाठी हाच मार्ग आहे. दोनहून जास्त असते तर प्राझिक्वांटेल हे दुसरं जंताचं औषधही जोडावं लागलं असतं. मॅन्टू पॉझिटिव्ह मुलीला स्टेरॉइड देताना छातीरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतला, कोर्स छोटा ठेवला आणि छातीचा एक्स-रे नंतर पुन्हा काढला. अल्बेंडाझोल स्निग्ध जेवणाबरोबर जास्त शोषलं जातं, असं सांगितल्यावर आईनं विचारलं, शेंगदाण्याची चटणी चालंल का? चालेल म्हटल्यावर चौदा दिवस गोळीबरोबर भाकरी, तेल घातलेली शेंगाचटणी आणि वर तुपाची धार होती. त्या पंधरवड्यात मुलीचं वजन दोन किलोनं वाढलं.

कुठून आलं?

हे शोधायचा प्रयत्न केला. घरातल्या चौघांचं शौच तीन-तीन दिवस तपासलं, अंडी सापडली नाहीत. ही तपासणी दुबळी आहे, कारण अंडी रोज पडत नाहीत, आणि दिसली तरी ती डुकराच्या पट्टकृमीची की गाईच्या, हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येत नाही. होस्टेलच्या मेसमधल्या लोकांचीही तपासणी व्हावी असं मला वाटत होतं. आढळलं तर निक्लोसामाइडचा एकच डोस पुरतो, आणि ते आतड्यातून रक्तात जात नसल्यानं त्या माणसाच्या मेंदूत लपलेली अळी असलीच तरी तिला धक्का लागत नाही. मेस चालवणाऱ्यांनी ते मान्य केलं नाही, बदनामी होईल म्हणाले. मी पत्र दिलं, दोनदा फोन केला. तिथं हात धुवायला साबण आला, एवढंच मुलीकडून कळलं. कच्ची कोथिंबीर आणि काकडी ती आता स्वतः वाहत्या पाण्याखाली धुऊन घेते.

सहा महिन्यांनी

दुसऱ्या फिटनंतर एकही फिट नाही. सहा महिन्यांनी सीटी केलं, यावेळी मी स्वतः बारीक काप मागवून ठेवले. सूज नाही, कडं नाही. त्या जागी दोन मिमीचा पांढरा खडा राहिला होता. उजवीकडचा होता तसाच.

गाठ पूर्ण विरघळली असती तर फिटची गोळी हळूहळू बंद करण्याचा विचार आता करता आला असता. चुना उरला की तसं करता येत नाही. अशा खड्याभोवती मधूनच पुन्हा सूज येते आणि तिच्यासोबत फिटही येऊ शकते. हाताच्या घडीशेजारी खडा असलेल्या मुलीच्या बाबतीत घाई नको, असं फिजिशियन आणि मी दोघांनीही तिला सांगितलं.

"खडा काढता येत नाही का?" तिनं विचारलं. काढायला गेलं तर लिहिणारा हात दुखावेल, असं सांगितल्यावर तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि मूठ उघडझाप केली. मग गोळ्यांच्या वेळा विचारल्या. सकाळी साडेसातची प्रॅक्टिकल असतात, गोळी त्याआधी घ्यायची की नंतर? आधी, रोज त्याच वेळी, मी म्हटलं. गाडी अजून चालवायची नाही, विहिरीत पोहायचं नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री जागायचं नाही. तिनं ते सगळं फोनमध्ये टिपून घेतलं. पुढचं स्कॅन आषाढी झाल्यावर ठेवलं आहे, आई वारीहून परतली की येणार आहेत.